ओफेइनाने केलेलं डोकं

आमच्या ओफेइनाचे हात कधी रिकामे नसायचे. माझ्या धाकट्या भावाची, मानासेची ही मुलगी, दुसरीत शिकते. वजाबाकी म्हटली की तिला घाम फुटायचा; पण केवड्याच्या पातीचा तुकडा हाती लागू दे, त्याचा मासा नाहीतर पंखा झालाच म्हणून समजा. आई चटई विणायला बसली की ही उरल्यासुरल्या पात्या पळवायची. शाळेत शिंपल्यांची अक्षरं मांडायला सांगितली, तर हिनं स्वतःचं नाव मांडून वर विचारलं, "आता आत्याचं मांडू?" मी तोंडदेखलं रागावले. आतून फुगले होते, खोटं कशाला बोलू?

आमच्या बेटावर आत्या म्हणजे काय चीज असते ते मी तुम्हाला काय सांगायचं! घरात बापाच्या वर आत्या. मानासे माझ्यापुढे कधी आवाज चढवत नाही. त्याची बायको मला विचारल्याशिवाय लग्नाकार्यात चटई बाहेर काढत नाही. पोरं मला वचकून असतात, आणि असावंच.

तर मे महिन्यात देवळात, म्हणजे चर्चमध्ये, बापांचा रविवार असतो, त्याच्या आधीच्या आठवड्यातली ही गोष्ट. शाळेत नवी बाई आली होती, लाविनिया. आमच्यातलीच, पण जन्मली-वाढली ऑकलंडला. ती वर्गाला म्हणाली, "ज्यांची आठवण येते त्यांचा चेहरा करा." सोललेला नारळ घ्यायचा, टॅपिओकाच्या खळीनं त्यावर कागद चिकटवायचे, काथ्याचे केस लावायचे. बहुतेक पोरांनी आज्या केल्या. एकानं डुक्कर केलं. ओफेइना आणि तिची मैत्रीण लोसे, दोघींचे बाप एकाच होडीवर, बाहेरच्या खडकांकडे मासेमारीला गेलेले. दोघींनी बाप केले.

ओफेइनानं मन लावून केला. गाल दाबून दाबून बसवले, काथ्या विंचरला, कात्रीनं कापला. डोळ्यांत शिंपले बसवायचे म्हणून खिळ्यानं भोकं पाडली. आणि हात पुसताना तिच्या लक्षात आलं की आपण काय करून बसलो.

बापाच्या डोक्याला लेकरानं हात लावायचा नाही, हे आमच्या पोरांना चालायला लागायच्या आधी कळतं. बाप झोपला असला तरी पोरं त्याच्या उशाकडून जात नाहीत.

शुक्रवारी होडी यायची होती, आली नाही. दक्षिणेचा वारा सुटला होता, समुद्र पांढरा झाला होता. शनिवारीही किनाऱ्यावर काही दिसेना. गल्लीतली पोरं ओरडत होती, "ओफेइनानं बापाचे डोळे फोडले! फोडले, फोडले!" मी त्यांना झाडू घेऊन पिटाळलं, पण कशाबद्दल ओरडतायत ते मला कळलं नाही. पोरांची तोंडं काय, चालूच असतात.

मग भावजय धावत आली. तोंडचं पाणी पळालेलं.

"वन्सं, लवकर चला हो. ओफेइनाचा घसा सुजलाय. कालपासून पाणीसुद्धा गिळेना."

घसा म्हटल्यावर मी हातातलं टाकून निघाले. लेकरानं बापाचा मान मोडला की घसा सुजतो, हे आमच्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे.

पोर चटईवर भिंतीकडे तोंड करून बसली होती. मी म्हटलं, "इकडे बघ. बापाच्या ताटातलं उष्टं खाल्लंस का?"

तिनं नाही म्हणून मान हलवली.

"मग काय केलंस? बोल, नाहीतर देईन एक!"

"बाबांच्या डोक्याला हात लावला."

"अगं, बाबा घरात तरी आहे का?"

"शाळेत आहे," ती म्हणाली. दोन्ही हात तिनं पाठीमागे धरले होते. "आत्या, त्याचे डोळे मी फोडले. म्हणून त्याला वाट दिसत नाहीये."

मी तडक शाळेत गेले. कपाटावर ओळीनं डोकी मांडलेली. मानासेचं लगेच ओळखू आलं, तीच रुंद हनुवटी, तेच जाड ओठ. इतकं हुबेहूब की अंगावर काटा आला.

लाविनिया हसून म्हणाली, "छान झालंय ना? अहो, सगळ्यात हुशार हात तिचेच."

"तुझी अक्कल गहाण पडलीय का गं, बये? पोरीला बापाचं डोकं करायला लावतेस?"

"पण हा नारळ आहे!"

"तुझ्यासाठी नारळ. तिकडे पोर घास गिळत नाहीये."

ती पांढरीफटक पडली. वाईट वाटलं मला. बाई मनानं चांगली आहे. पण सांगायचं तर मलाही तो नुसता नारळ वाटत नव्हता. मी तो उचलला. मी मोठी बहीण, मला चालतं. तरी घरी येईपर्यंत मी त्याचा चेहरा झाकून धरला.

असं काही घडलं तर काय करायचं ते माझी आजी सांगायची. हल्ली कोणी करत नाही, पाद्रीबाबांना आवडत नाही. ज्याचा मान मोडला त्याच्याहून थोर माणसाच्या तळपायांना हात टेकायचे, आधी तळहात, मग उलटे करून पाठ. मानासेहून थोर या घरात मीच. मी चटईवर बसले आणि पाय पुढे केले.

"टेक."

ओफेइनानं हात टेकले, उलटे केले, परत टेकले. तिचे हात तापले होते. मग भावजयीनं ते पाण्यानं धुतले. पोरीनं लगेच विचारलं, "सुटलं?"

"सुटलं," मी ठणकावून सांगितलं. देवा, माझा भाऊ परत आण, एवढंच मनात चाललं होतं.

संध्याकाळी तिनं थोडी पेज घेतली. आणि रविवारी, देवळाची घंटा वाजत असताना, शेजारच्या बेटावरची होडी मानासेला घेऊन आली. त्यांची स्वतःची होडी उलटल्यावर बर्फाच्या पेटीला धरून तो तरंगत राहिला होता. ओठ फाटलेले, डोळे मिठानं सुजून बंद. मी रस्त्यातच रडले, सगळ्या गावासमोर. लाज कसली?

आला तो एकटाच. लोसेचा बाप, सोसेफो, त्याच पेटीला दुसऱ्या बाजूनं धरून होता. एक मोठी लाट आली, आणि नंतर ती बाजू रिकामी होती. मानासे तेवढंच सांगत होता, पुन्हा पुन्हा. गावातल्या होड्या रविवार असूनही शोधायला निघाल्या.

मी त्याच्या उशाशी बसले होते. दारात ओफेइना आली, लोसेला हाताला धरून. लोसे रडत नव्हती. फ्रॉकला हात पुसत होती, पुसतच होती.

"आत्या, पाय पुढे करा," ओफेइना म्हणाली. "हिचं राहिलंय."

"बाळा, मी हिची आत्या नाही."

"मग हिची आत्या कुठंय?"

सोसेफोची एकुलती बहीण केव्हाच वारली होती. सबंध गावाला माहीत होतं, लोसेलाही. ती माझ्याकडे बघत राहिली.

"लवकर करा ना," ओफेइना म्हणाली. "होड्या परत यायच्या आत."

माझा त्या घरावर काडीचा अधिकार नाही. नसलेला मान घेतला तर तो घेणाऱ्यावर उलटतो, हेही आजीनंच सांगितलेलं. आणि शेजारी माझा भाऊ पडलेला, नुकताच मरणातून आलेला. भावजय डोळ्यांनी मला नको नको म्हणत होती. पलीकडच्या घरातून लोसेच्या आईचा आक्रोश ऐकू येत होता.

मी पाय पुढे केले.

लोसेनं हात टेकले. बर्फासारखे गार. उलटे केले, परत टेकले.

"आता बाबा येतील ना?" तिनं विचारलं.

ती हात काढेना, आणि मला पाय मागे घ्यायची भीती वाटत होती.