विष्णुपंतांनी बसवलेला दिवा

माझ्या थोरल्या बहिणीचे, सुहासिनीताईचे, यजमान विष्णुपंत देवाला मनापासून मानत, पण प्रदक्षिणा घालताना त्यांचा डोळा देवळाबाहेर काढलेल्या चपलांवर असे. दूधवाल्याच्या मापाला बुडाशी पोचा नाही ना, हे ते बोट घालून बघत. बेलवलीला आमची घरं शेजारीशेजारी आणि मी धाकटी मेहुणी, तेव्हा चिडवायचा हक्क माझाच. ‘भाऊजी, आरशात तरी आपलाच चेहरा दिसतो ना?’ असं मी विचारलं की ते हसत. मग हळूच आरशाकडे एकदा बघून घेत.

एकोणीसशे पंचावन्नच्या सुमारास ते उल्हासनगरात टेकचंद शेठच्या शीतगृहावर देखरेखीला होते. जाड भिंतींच्या एका मोठ्या खोलीत सफरचंदं आणि नासपती ठेवत. खोलीच्या किल्ल्या दोन. एक भाऊजींकडे, दुसरी चांगोकडे. चांगो सोनिवलीच्या पलीकडच्या पाड्यावरचा. रानातली मोळी सोडून तो इथे पेट्या उचलायला लागला होता, आणि शेठने भरवशाचा म्हणून त्याला किल्ली दिली होती. ते भाऊजींना मुळीच पटलं नव्हतं. संध्याकाळी घरी जाताना चांगोला मुंडासं सोडून त्यांच्यासमोर झटकून दाखवावं लागे. मुंडाशात सफरचंद मावत नाही, असं मी म्हणाले, तर म्हणतात कसे, ‘फोडी मावतात.’

त्या वर्षी शेठने खोलीत थर्मोस्टॅट बसवून घेतला. भिंतीवरचा छोटा डबा. खोली हवी तेवढी गार झाली की तो आपोआप मशीन थांबवी आणि उबारा वाढला की पुन्हा सुरू करी. मशीन थांबलेली असली की डब्यावर गुंजेएवढा लाल दिवा लागे. बसवायला आलेला कमळाकर नावाचा मेकॅनिक जाताना बजावून गेला, ‘डब्यापर्यंत दोनच तारा आल्यात, दिव्याला वेगळी तार नाही. मशीनचा स्विच ओढून धरणारी जी कॉइल आहे, तिच्यातूनच तो घोटभर वीज घेतो. म्हणून दिवा एवढासाच ठेवा. मोठा लावू नका.’

भाऊजींनी ताबडतोब ओळखलं की हा आपल्या कंपनीचे चिमुकले महाग दिवे खपवायला बघतोय.

त्यातच एका पेटीत फळं कमी भरली. उंदीर असतील, माल येतानाच कमी आला असेल, पण भाऊजींच्या मनात चांगोशिवाय दुसरं कोणी येईना. दाराच्या काचेतून आतलं नीट दिसावं म्हणून त्यांनी त्या लाल दिव्याच्या जागी चांगला मोठा बल्ब लावायचं ठरवलं. वायरमनवरही भरवसा नव्हता, म्हणून छोट्या दिव्याची खोबण तशीच ठेवून त्याच तारांवर नवा होल्डर स्वतःच्या हातांनी बसवला. मशीन तेव्हा चालू होती, त्यामुळे बल्ब लागला नाही. थांबेल तेव्हा लागेल, असं म्हणून ते घरी आले.

तो लागलाच नाही. भाऊजींनी मेन स्विच बंद करून बल्ब ऑफिसात नेऊन लावून पाहिला, तिथे लख्ख पेटला, म्हणून परत आणून बसवला. म्हणजे मधल्यामध्ये वीज कोणीतरी खातंय! इतक्यात चांगो सांगत आला, ‘सायेब, मशीन थांबाचा नावच घेत नाय.’

‘तुला कसं कळलं? तू आत काय करत होतास?’ भाऊजींनी उलट विचारलं.

दोन-तीन दिवसांत खोलीतला सगळा माल गोठला. बाहेर काढल्यावर फळं काळी पडून पिळपिळीत झाली. शेठने कपाळाला हात लावला. ‘विष्णू साईं, ये किसने किया?’ किल्ल्या दोनच होत्या. चांगोने डब्यावरची गारवा ठरवायची कळ फिरवली आणि पकडलं जाऊ नये म्हणून पुन्हा जागेवर आणून ठेवली, असं भाऊजींनी शपथेवर सांगितलं. चांगोची किल्ली गेली आणि कामही गेलं.

आठवड्याभराने त्याची बायको, पुतळी, आमच्या ताईच्या दारात उभी राहिली. तिने काही मागितलं नाही. ‘पाड्यावर पोरीचा जमत आलेला लगीन मोडला, बाय,’ ती म्हणाली. ‘चोराची लेक कोन करल? आमी गरीब हाव, पन चोर नाय.’ भाऊजी आतल्या खोलीत वर्तमानपत्र धरून बसले होते. मला त्यांचा असा संताप आला की तो कागद ओढून फाडावासा वाटला.

शीतगृहात नवा माल भरला आणि मशीन पुन्हा थांबेना. चांगोने दुसरी किल्ली करून घेतली असणार, असं भाऊजींच्या मनाने घेतलं. सुट्टीच्या दुपारी मफलर, कानटोपी आणि ताईची शाल असा जामानिमा करून ते चोर पकडायला आतच बसले. चोर येईना, थंडी मात्र हाडांत शिरली. बसल्या बसल्या त्यांना बल्बचाच संशय येऊ लागला. त्यांनी तो पिळून काढला.

मशीन थांबली.

बल्ब परत लावला, मशीन धडधडत सुरू झाली. काढला, थांबली. मग त्यांनी खिशातून तो जुना गुंजेएवढा दिवा काढला आणि त्याच्या जुन्या खोबणीत लावला. दिवा लाल पेटला आणि मशीन गप्प राहिली. मेकॅनिकचं एकूण एक वाक्य त्यांना तेव्हा आठवलं. मोठ्या बल्बमधून कॉइलला इतकी वीज मिळत होती की थर्मोस्टॅटने सोडलं तरी स्विच सोडत नव्हता. चोर पकडायला लावलेल्या दिव्यानेच सगळा माल खाल्ला होता.

हे त्यांनी घरी येऊन स्वतःच सांगितलं, शाल न काढता. दुसऱ्या दिवशी शेठलाही सांगितलं. शेठ म्हणाला, ‘पहले चांगो को ले आओ. तुमसे बाद में बात करूँगा.’

पाड्यावर जाताना ताईने मला बरोबर धाडलं. एकटे गेले तर अर्ध्या वाटेतून परत फिरतील, असा तिला संशय. इतकी वर्षं संसार केल्यावर त्यांचा तेवढा गुण तिच्यातही उतरायचाच.

चांगो अंगणात कुऱ्हाडीला दांडा ठोकत होता. आम्हाला बघून त्याने काम थांबवलं नाही. ‘काय सायेब, आजून काय हरवला?’

भाऊजींनी पाडा जमवायला सांगितलं. बायाबापड्या गोळा झाल्या आणि सगळ्यांसमोर ते म्हणाले, ‘चूक माझी. दिवा मी लावला होता. चांगोने कशालाही हात लावला नव्हता.’ मला आयुष्यात पहिल्यांदा त्यांचा अभिमान वाटला, आणि कीवही आली.

चांगो कामावर परत आला. किल्लीही मिळाली. पोरीचं लग्न मात्र मोडलं ते मोडलंच, पुढे कितीतरी उशिरा दुसरीकडे झालं.

पहिल्या संध्याकाळी घरी जाताना चांगो भाऊजींसमोर उभा राहिला, मुंडासं सोडलं आणि झटकलं.

‘अरे, आता नको ते,’ भाऊजी घाईने म्हणाले.

‘ऱ्हाऊ द्या सायेब. उद्या तुमचा मन फिरला तं?’

भाऊजी तिथे होते तोवर रोज संध्याकाळी चांगो मुंडासं झटकत राहिला. आणि डोळ्यांत तेल घालून जगावर पहारा करणारे आमचे भाऊजी तेवढ्यापुरते भिंतीकडे तोंड करून उभे राहत.