आझाराशी, आजारी आणि माझी कंबर

माझी कंबर एका एलिफंट सीलच्या समोर धरली. त्यात सीलची काहीही चूक नव्हती.

आम्ही जपानमध्ये त्सुकुबाला राहतो. मी इथल्या एका संस्थेत मातीचे नमुने तपासतो. माझी बायको आयाको जपानी आहे आणि आमची मुलगी हाना दोन्हीकडची. त्या हिवाळ्यात नाशिकहून आई आली होती. एका शनिवारी सकाळी आयाकोनं फोनवर वाचलं, की गाडीनं तासाभरावर असलेल्या किनाऱ्यावर एक एलिफंट सील वाट चुकून येऊन पडलाय. प्रशांत महासागराच्या पार पलीकडचा प्राणी, इकडे क्वचितच दिसणारा. मी नुकतीच एक लांबलचक लेन्स घेतली होती आणि तिनं आतापर्यंत फक्त शेजाऱ्यांचं मांजर टिपलं होतं (तेही पाठमोरं). चहा अर्धा टाकून मी गाडी काढली.

किनाऱ्यावर दोरी बांधलेली होती. अलीकडे बरीच माणसं शिस्तीत उभी होती आणि नगरपालिकेचे एक गृहस्थ हातात कर्णा घेऊन सूचना देत होते. सील दचकू नये म्हणून ते कर्ण्यातूनसुद्धा कुजबुजत होते. पलीकडे वाळूवर तो पडला होता. करडा, ओला, सोफ्याएवढा.

"आजी, बघ, आझाराशी," हाना म्हणाली. जपानीत सीलला आझाराशी म्हणतात.

"आजारी?" आईचा चेहरा उतरला. "मला वाटलंच. हलतसुद्धा नाहीये."

"आजारी नाही गं आई. सील आहे तो. झोपलाय."

"डोळ्यांतून पाणी वाहतंय त्याच्या."

ते खरं होतं. सीलच्या डोळ्यांतून असं पाणी येतंच, हे मी तिला समजावत होतो, तेवढ्यात तो शिंकला.

"सर्दी झालीय," आई म्हणाली. "आणि हत्ती कशाला म्हणता याला? सोंड कुठाय?"

"लहान आहे अजून. मोठा झाला की नाक वाढेल."

"म्हणजे एवढंसं लेकरू, त्यात आजारी, आणि तुम्ही सगळे फोटो काढताय."

तिनं पर्समधून बामची बाटली काढली. आयाकोनं अत्यंत नम्रपणे ती परत पर्समध्ये ठेवली.

प्राण्याचा फोटो त्याच्या डोळ्यांच्या पातळीवरून घ्यावा, असं मी कुठंतरी वाचलं होतं. म्हणून दोरीच्या अगदी अलीकडे मी पालथा पडलो. (अंगात करडं जाड जॅकेट. थंडीच तेवढी होती.) फोकस जुळला. काळेभोर डोळे, मिशांवर थेंब, नाकाला चिकटलेली वाळू. असा फोटो आयुष्यात एकदाच मिळतो. फक्त जरासं डावीकडे व्हायला हवं होतं. मी कोपरांवर सरकलो आणि कमरेत काहीतरी कट्‌कन झालं.

त्यानंतर मी कुठंच सरकलो नाही.

सील मात्र सरकला. त्यानं मान उचलली, जांभई दिली आणि पोटावर हिंदकळत दोरीच्या दिशेनं यायला लागला. माझ्याच दिशेनं.

"कृपया सर्वांनी मागे यावं," कर्णा कुजबुजला. सगळे मागे गेले. "करड्या जॅकेटवाले साहेब, आपणही यावं."

मी रोज जपानी अहवाल वाचतो. पण त्या क्षणी 'कंबर'ला जपानीत काय म्हणतात, ते काही केल्या आठवेना. मी नुसता एक हात हलवला. सीलनंही एक हात हलवला, म्हणजे जे काय असतं ते.

आईच्या लक्षात आलं. ती थेट त्या गृहस्थांकडे गेली. "अहो, आजारी आहे तो. आजारी."

"हाय, आझाराशी देस्," ते कमरेत वाकून म्हणाले. होय, सीलच आहे.

"आजारी, आजारी," आईनं माझ्याकडे बोट दाखवलं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग सीलकडे पाहिलं. मग मोठ्या आदरानं, उघड्या तळहातानं, आईला योग्य दिशा दाखवली.

आईनं त्यांचा नाद सोडला. सरळ चालत येऊन ती माझ्याशेजारी वाळूत बसली, माझं जॅकेट वर केलं आणि समस्त जपानी जनतेसमोर माझ्या कमरेला बाम चोळायला लागली.

"आई, तू मागं जा. तो येतोय."

"येऊ दे. त्यालाही लावते."

सील थांबला. नाशिकचा तो बाम वाऱ्यावर त्याच्यापर्यंत पोचला असावा. तो जोरात शिंकला, आईकडे एकदा नीट बघून घेतलं, वळला आणि समुद्राकडे निघाला. लाट फुटली, ऊन पडलं, त्यानं तुषारांमधून मान उंचावली. मागं कॅमेरे पावसासारखे वाजत होते. माझा कॅमेरा माझ्या छातीखाली होता आणि माझं नाक वाळूत.

"गेला बाई," आई म्हणाली. "बरं वाटलं वाटतं त्याला."

आयाको पळत आली. ती मराठी पुस्तकातून शिकली आहे आणि घाबरली की फारच शुद्ध बोलते. "आपणांस चालता येईल काय?"

येणार नव्हतं. शेवटी सीलसाठी आणलेल्या निळ्या ताडपत्रीवर घालून तिनं आणि त्या गृहस्थांनी मला गाडीपर्यंत ओढत नेलं. आई सोबत चालत माझ्या कपाळावरची वाळू पुसत होती. पदरानं पुसायची सवय. इथं तिनं मफलरच्या टोकानं भागवलं. खरं सांगतो, मला त्या ताडपत्रीवर फार बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी हाडांच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी माझी कंबर दाबून पाहिली, माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि जरा संकोचून फोन पुढं केला. कुणीतरी काढलेला व्हिडिओ होता. वाळूवर समोरासमोर पडलेले दोन करडे ढीग.

"माफ करा," डॉक्टर म्हणाले. "यातले आपण कोणते?"

मी मोठं करून पाहिलं, पण खात्री होईना. शेवटी व्हिडिओ पूर्ण पाहिला आणि सांगितलं, "ज्याला स्वतःचं स्वतः घरी जाता आलं, तो मी नव्हे."