मोज्यातली सुकट

मुलुंडला डोंगराच्या पायथ्याशी राहणाऱ्या माणसाला जंगलाची भीती कोणी शिकवू नये, असं माझं ठाम मत होतं. आमच्या सोसायटीच्या मागच्या भिंतीवर अधूनमधून बिबट्या येऊन बसतो. वॉचमन शिट्टी मारतो, बिबट्या कंटाळून निघून जातो. म्हणून मुलगी फोनवर म्हणाली, "बाबा, इथे पांढरी अस्वलं आहेत, नियम पाळावे लागतील हं," तेव्हा मी हसलो होतो.

मुलगी एकुलती एक. सह्याद्रीत भटकता भटकता तिला शिडाच्या बोटींचं वेड लागलं आणि ती थेट नॉर्वेच्याही वर, उत्तर ध्रुवाच्या वाटेवरच्या बेटांवर जाऊन पोचली. उन्हाळ्यात तिथला बर्फ जरा मागे सरतो आणि एक शिडाची बोट दहा पाहुण्यांना घेऊन त्या बेटांमधून फिरते. झोपायचं बोटीवर, दिवसा रबरी होडीतून किनाऱ्यावर उतरायचं. मुलगी त्या बोटीवर मदतनीस गाइड होती, पण उमेदवारीवर. ही सफर नीट पार पडली तर नोकरी कायम होणार होती. घरच्या एका माणसाला सोबत नेता येत होतं. बायको पाण्याला घाबरते, म्हणून मी गेलो.

निघायच्या आदल्या दिवशी बायकोने सुकट भाजली, लसूण, मिरची आणि सुकं खोबरं घालून. आमच्या घरातलं माणूस लांब निघालं की सोबत सुकट जातेच. माझे वडील मालवणाकडून गिरणीत आले तेही पंच्याच्या गाठीत सुकट बांधून. "घेवन जावा. थंय तुमका कोण देतला?" बायको म्हणाली. मी पुडी दोन प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून जाड लोकरी मोज्यात खुपसली. कपड्यांना वास लागू नये एवढाच हेतू.

बोटीवर पहिल्याच दिवशी मुलीने सगळ्यांना बसवून नियम वाचून दाखवले. वासाचं खाणं कोणाकडे असेल तर आत्ता द्या, स्वयंपाकघरात डबाबंद राहील. किनाऱ्यावर खायची एकही वस्तू न्यायची नाही. अस्वलाचं नाक फार लांबून वास धरतं. बोलताना तिने माझ्याकडेही पाहिलं. मी खिडकीबाहेर पाहिलं. नऊ परक्या माणसांपुढे मोज्यातून सुकट काढायची? आमच्या मजल्यावर सुकट भाजली की समोरचे लोक दारं-खिडक्या लावून घेतात. ती लाज मुलुंडहून माझ्यासोबतच आली होती. पुडी मोज्यातच राहिली.

चौथ्या दिवशी एका गोट्यांच्या किनाऱ्यावर उतरायचं ठरलं. पाठीवरच्या पिशवीत काय काय हवं याची यादी होती, त्यात जादा मोजे होते. मी ते जाड मोजे कोंबले आणि डोकं भलतीकडे असल्याने पुडीचं विसरलो. उतरण्याआधी पिशव्या तपासायचं काम मुलीचं होतं. माझ्यापाशी येऊन तिने विचारलं, "मोजे घेतलेस ना?" मी म्हटलं, "घेतले." ती पुढच्या माणसाकडे गेली.

किनाऱ्यावर पाचेक मिनिटं रमतगमत चाललो असू. पाणी काढायला मी पिशवीत हात घातला आणि बोटांना पुडी लागली. वरचं प्लॅस्टिक फाटलं होतं. लसणाचा वास आला. इतका घरचा वास, आणि माझी पाचावर धारण बसली. सांगावं? पण सांगितलं तर मुलीवर येणार. परत बोटीवर जाईपर्यंत काही होत नाही, असं मी स्वतःला बजावलं. तेवढ्यात पुढच्या उंचवट्यावरून कप्तानबाईंनी हात वर केला. पन्नाशीची बाई, मुख्य गाइडही त्याच. दुर्बीण न काढता त्या शांतपणे म्हणाल्या, "सगळे मागे फिरा. पळायचं नाही. एकत्र चाला."

दूरच्या उतारावर एक मळकट पिवळा ठिपका होता. तो थांबला, मान वर केली आणि आमच्या दिशेने चालू लागला. वारा आमच्याकडून त्याच्याकडे वाहत होता. बिबट्याच्या गप्पा मारणारा मी, पिशवी छातीशी धरून माणसांच्या मधोमध घुसलो. कप्तानबाईंनी खांद्यावरची बंदूक हातात घेतली. मुलीच्या हातात आवाजाचा बार उडवायचं पिस्तूल होतं आणि ती सगळ्यांच्या मागे होती. म्हणजे अस्वल आणि आम्ही यांच्यामध्ये माझी पोर होती.

मी मुद्दाम मागे रेंगाळलो आणि मराठीत म्हणालो, "माझ्याकडे सुकट आहे गं. पिशवीत. टाकून देऊ?"

तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "टाकू नकोस. त्याला चटक लागेल, मग ते माणसांच्या मागेच लागेल. चालत राहा बाबा."

होडीपर्यंतचं ते दोनेकशे पावलांचं अंतर मी कसं कापलं ते मला सांगता येणार नाही. तिने एक बार काढला. अस्वल थबकलं, पुन्हा निघालं. आम्ही होडीत चढलो, मुलगी शेवटी चढली आणि होडी सुटली. थोड्या वेळाने अस्वल किनाऱ्यावर आलं आणि मी पाणी काढायला थांबलो होतो नेमकी तीच जागा हुंगत राहिलं.

बोटीवर कप्तानबाईंनी विचारलं, "खाणं कोणाकडे होतं?" मी हात वर केला आणि पुडी टेबलावर ठेवली. कोणी नाक मुरडलं नाही. मी मोडक्या इंग्रजीत म्हणालो, चूक माझी आहे, मुलीची नाही.

"तुम्ही पाहुणे आहात," त्या म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. "पाहुणे चुकतात. म्हणून तर ही आहे." मग मुलीकडे वळल्या. "पिशवी कोणी तपासली?"

"मी," मुलगी म्हणाली. "नाही तपासली."

त्या सफरीत ती पुन्हा किनाऱ्यावर उतरली नाही. नोकरीचं पुढच्या उन्हाळ्यात बघू, असं तिला सांगण्यात आलं.

संध्याकाळी ती डेकवर दोर गुंडाळत होती. माझ्याने राहवलं नाही. "सगळ्यांच्या पिशव्या उघडून पाहिल्यास, मग माझीच का नाही?"

"सगळ्यांसमोर तुझी पिशवी उपसायची? मला नाही जमलं, बाबा."

ती कॉलेजात असताना सिगरेटच्या संशयावरून मी तिची सॅक तिच्या मैत्रिणींसमोर जमिनीवर ओतली होती. आत वह्या आणि डबा निघाला होता. तेव्हा वह्या तिनेच गोळा केल्या, आणि मी तिला सॉरीही म्हटलं नव्हतं.