आधी कॅल्क्युलस की आधी फिजिक्स

धाकटी एका इस्पितळात एक्स-रे काढायची. किरणोपचार विभागात जायचं तर पदवी हवी आणि पदवीला फिजिक्स हवंच, म्हणून तिनं संध्याकाळच्या कॉलेजात जायचं ठरवलं. घोळ एवढाच, की तिची थोरली जाऊ तिथंच गणित शिकवायची, आणि धाकटी या घरात आल्यापासून दोघी एकमेकींना पाण्यात पाहत होत्या.

"आधी वर्षभर कॅल्क्युलस कर," भाजी चिरताना थोरली म्हणाली. "फिजिक्स पुढच्या वर्षी. नियमच आहे तसा."

"वर्ष फुकट घालवू, ताई?"

"नियम तुला विचारून करत नाहीत."

धाकटीच्या अंगाचा तिळपापड झाला. नवरा म्हणाला, "वहिनी तिथं शिकवते, तिला माहीत असणार." झालं, त्याच्याशीही अबोला!

ती तडक कॉलेजात गेली आणि फिजिक्स मागितलं. कारकुनानं हूं की चूं न करता नाव लिहून घेतलं. म्हणजे नियमबियम काही नव्हताच! थोरली धडधडीत खोटं बोलली होती. मग तिचं बाकीचंही खोटंच, असं धरून धाकटीनं कॅल्क्युलसला हातही लावला नाही.

सुरुवातीला बरं चाललं. मग एके दिवशी सरांनी वेग म्हणजे स्थानाचा डेरिव्हेटिव्ह असं कॅल्क्युलसच्या भाषेत फळ्यावर लिहिलं, आणि तिथून पुढचं सगळं तिच्या डोक्यावरून जाऊ लागलं. पहिल्याच चाचणीत ती आपटली.

"कॅल्क्युलस सोबत तरी घ्यायचं होतं," सर म्हणाले. "बहुतेक जण दोन्ही एकत्रच घेतात."

विषय सोडून ती घरी आली ती थेट स्वयंपाकघरात.

"एकत्र घेता येतं, हे का नाही सांगितलंत?"

"नोकरी सांभाळून दोन्ही? तोंडघशी पडली असतीस. आणि माझ्या कॉलेजात नाव माझं खराब झालं असतं."

"म्हणजे काळजी स्वतःच्या नावाची."

"हो. मग?" थोरलीनं गॅस बारीक केला. "नुसता सल्ला दिला असता तर तू ऐकणार होतीस?"

हे खरं होतं, म्हणून धाकटी आणखीच चिडली.

पुढच्या सत्रात तिनं दोन्ही विषय घेतले. कॅल्क्युलससाठी थोरलीचा सोयीच्या वेळेचा वर्ग सोडून दुसऱ्या बाईंचा गैरसोयीचा वर्ग धरला. पळापळीत जीव मेटाकुटीला आला. फिजिक्स चांगलं सुटलं, कॅल्क्युलस जेमतेम.

"काठावर?" जेवताना थोरलीनं विचारलं. धाकटी ताट उचलून आतल्या खोलीत गेली.

पदवी झाली, किरणोपचार विभाग मिळाला, आणि धाकटी नवऱ्यासोबत वेगळ्या घरात राहायला गेली. हल्ली थोरली कॉलेजातल्या मुलांना दोन्ही विषय एकत्रच घ्यायला सांगते, असं कुणीतरी धाकटीच्या कानावर घातलं.

"सांगणारच," ती म्हणाली. "माझ्या जिवावर शिकली ना."