साहेबांचे बारा व्होल्ट

आमच्या घरात एक साहेब राहतात. लग्नाचे आहेत, त्यामुळे काढून टाकता येत नाहीत. चौतीस वर्षं विजेच्या सबस्टेशनात ऑपरेटर होते. तिथे त्यांना कुणी साहेब म्हणत नव्हतं, पण घरी येऊन दिव्याकडे असे बघायचे की दिव्यालाच आपलं काही चुकलं की काय असं वाटावं. म्हणून मीच त्यांना साहेब करून टाकलं. बढती घरबसल्या मिळाली.

काम काय, तर तासातासाला मीटर वाचायचे आणि तक्त्यात आकडे लिहायचे. बाकीचे ऑपरेटर ड्युटीवर आल्या आल्या आठ तासांचे आकडे एका दमात भरायचे आणि पाय पसरायचे. आमचे साहेब नाही. "काट्यानं दाखवलं ते लिहायचं, आपल्याला वाटलं ते नाही," हे वाक्य मी लग्नानंतर चौथ्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. नंतर किती वेळा ऐकलं त्याचा तक्ता मात्र मी ठेवला नाही.

मग ते रिटायर झाले. घरात मीटर एकच, तोही जिन्याखाली. पहिला महिना दिवसातून सहादा जिना उतरले. मग फ्रिजमध्ये थर्मामीटर ठेवला. मला ताप नसताना माझा ताप मोजला. मी म्हटलं, "अहो, मी बिघडलेली नाही, वैतागलेय." आणि मग त्यांची नजर माझ्या कॉम्प्युटरवर पडली.

कॉम्प्युटर माझा. मी शिवणकाम करते, सव्वीस वर्षं. लोकांचे शर्ट, स्कर्ट, लेकरांचे फ्रॉक, सगळं शिवलं, आणि कॉलरच्या आत नाव लागलं ते दुकानाचं. आता शहरातल्या शिवण संस्थेला घरबसल्या शिकायचा अभ्यासक्रम काढायचा होता. चाळीस धडे, व्हिडिओवर. जिचे धडे पसंत पडतील तिच्या नावानं अभ्यासक्रम. मी कॅमेऱ्यासमोर बाही जोडली, खिसा लावला, चेन बसवली, सगळं चित्रणही कॉम्प्युटरवर स्वतः कापून जोडून घेतलं. सोमवारी दुपारी बारापर्यंत चाळीसही धडे पूर्ण करून द्यायचे होते, नाहीतर अभ्यासक्रम दुसऱ्या बाईंकडे जाणार होता. त्यांनी शिवण कमी आणि डिप्लोमे जास्त केलेत. त्यांचं सगळं केव्हाच तयार होतं.

माझे चौदा धडे तयार झाले आणि मशीन रुसलं, शिवणाचं नव्हे, कॉम्प्युटरचं. जोडलेल्या तुकड्यांचा सलग व्हिडिओ बनवायला टाकला की दहा-पंधरा मिनिटं चालायचं आणि फट्, बंद. त्या धड्याचं काम पुन्हा पहिल्यापासून.

"मी बघतो," साहेब म्हणाले. बाई गं, त्या चेहऱ्यावरचं तेज! साखरपुड्याला नव्हतं एवढं.

त्यांनी एक प्रोग्राम शोधून काढला. कॉम्प्युटरच्या पोटात म्हणे जागोजागी बारीक सेन्सर असतात, कुठे किती गरम आहे, कुठे किती व्होल्ट आहेत ते सांगणारे. प्रोग्राम ते आकडे पडद्यावर दाखवतो. पण आकड्यांना नावं नसतात. पहिला, दुसरा, तिसरा, बस. कुठला कशाचा ते आपण ओळखायचं, एका फाइलमध्ये त्याचं नाव लिहायचं, खालची-वरची मर्यादा ठरवायची, आणि आकडा जुळत नसेल तर त्याला कशानं गुणायचं तेही लिहायचं. साहेबांना आणखी काय हवं? सबस्टेशनच घरी आलं.

पहिल्याच दिवशी एका सेन्सरनं एकशे सत्तावीस डिग्री दाखवले. साहेबांनी "आग!" म्हणून ओरडून भिंतीतला प्लग उपटला, सोबत माझ्या इस्त्रीचाही. मी कॉम्प्युटरच्या पेटीवर हात ठेवला, गारढोण. दोन तास वाचन केल्यावर कळलं की तो सेन्सर कशालाच जोडलेला नव्हता, रिकामटेकडा होता आणि तोंडाला येईल ते बोलत होता. त्याला दुर्लक्षित करायची एक ओळ फाइलमध्ये लिहावी लागते. ती लिहिताना साहेबांचा हात थरथरला. उभ्या आयुष्यात त्यांनी एका मीटरकडे दुर्लक्ष केलं नव्हतं. माझ्याकडे करायचे तेव्हा हात स्थिर असायचा.

तीन दिवसांत सगळं लागलं. भिंतीवर तक्ता, प्रत्येक आकड्याला नाव, मर्यादा ओलांडली तर घंटा. आणि मशीन तरीही बंद पडत होतं. घंटा न वाजता.

शुक्रवारी मी गल्लीच्या टोकाच्या दुरुस्तीवाल्याला बोलावलं. त्यानं पेटीला नाक लावलं, कान लावला आणि म्हणाला, "काकू, सप्लाय गेलाय. आतल्या सगळ्यांना वीज पुरवणारा डबा असतो ना, तो. बदलून टाका."

"बारा व्होल्टला बारा दाखवतोय," साहेब म्हणाले. "बारा पूर्ण. तुमचं नाक खरं की माझा मीटर?"

तो बिचारा चहाही न पिता गेला. शनिवारी मशीन सात वेळा बंद पडलं. रविवारी सकाळी माझे सव्वीस धडे बाकी होते आणि मी अक्षरशः रडकुंडीला आले होते.

"मग का बंद पडतंय? सांगा की!" मी ओरडले.

माझी समजूत पटावी म्हणून साहेबांनी ती फाइल उघडून दाखवली. "हे बघ, बारा व्होल्टची ओळ. आधी साडेअकराच दाखवत होता. मी गुणक घातला, मग बरोबर बारा आले."

"साडेअकरा होते, मग बारा कुठून आले?"

"अगं, सप्लायवर छापलंय ना, बारा व्होल्ट म्हणून. म्हणजे सेन्सरच कमी दाखवत असणार."

मला विजेतलं ओ की ठो कळत नाही. पण मापातलं कळतं. "अहो," मी म्हटलं, "माझ्याकडे एक बाई येते. सांगते, कंबर छत्तीस. टेप म्हणतो अडतीस. ती म्हणते, तुझा टेप आक्रसलाय. तिच्या शब्दावर मी छत्तीसचा स्कर्ट शिवला, तर हूक तुटून कुणाच्या डोळ्यात जाईल?"

साहेबांनी फाइलमधल्या त्या ओळीवर बोट ठेवलं. त्यांचा चेहरा असा पडला की मला वाटलं, उगाच बोलले. मग वाटलं, उगाच कशाला, बरोबर बोलले. त्यांनी चपला घातल्या आणि दुरुस्तीवाल्याकडे गेले. स्वतःहून, माफी मागायला. नवा सप्लाय मंगळवारशिवाय मिळणार नव्हता, पण त्यानं व्होल्ट मोजायचा आपला हातातला मीटर वापरायला दिला. चांगला माणूस. हसला नाही म्हणे. निदान तोंडावर तरी.

साहेबांनी पेटीचं झाकण काढलं आणि बारा व्होल्टच्या पिवळ्या वायरला मीटर लावला. साडेअकरा. सेन्सर पहिल्यापासून खरंच बोलत होता.

"आता धडा सुरू कर," ते म्हणाले.

मी केला. आकडा उतरायला लागला आणि अकरावर येऊन लटकला. इकडे पडद्यावर मात्र साहेबांच्या गुणकाच्या कृपेनं साडेअकरा, मर्यादेच्या आत, म्हणून घंटा गप्प. त्यांनी मीटरकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"मी गुणक ठरवला तेव्हा तू मशीनवर नव्हतीस," ते म्हणाले.

"नव्हते. तुमचं जेवण करत होते."

"मला वाटलं..." ते अडखळले. "शिवणाचे व्हिडिओ. त्याला असा कितीसा लोड येणार, असं वाटलं."

खरं सांगते, मला इतका राग आला की हातातली कात्री मी मुद्दाम लांब ठेवली. सगळ्या गावाचा लोड या माणसाच्या पाठ होता, कुठल्या गिरणीला किती, कुठल्या दवाखान्याला किती. आणि शेजारच्या खोलीत सव्वीस वर्षं बायको मशीन हाणतेय, त्याचा हिशेब शून्य! हे सगळं मी त्यांना ऐकवलं, आवाज न चोरता. शेजारणीनं खिडकी लावून घेतली. म्हणजे उघडीच ठेवली, पडदा लावला.

साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "चुकलं माझं. पण सप्लाय मंगळवारी येणार आणि तुला उद्या द्यायचंय. भारनियमन करू."

आणि मग मी पहिल्यांदा त्यांना कामावर बघितलं. डीव्हीडीचा खण, काढला. जुनी दुसरी डिस्क, काढली. खेळांसाठीचं ग्राफिक्सचं कार्ड, काढलं. कॉम्प्युटरच्या मेंदूचा, म्हणजे प्रोसेसरचा, वेग निम्म्याहून खाली आणला. झाकण उघडं, समोर टेबलफॅन. प्रत्येक गोष्टीनंतर मीटर बघत होते आणि आकडा मोठ्यानं वाचत होते, जो दिसेल तोच. आकडा साडेअकराच्या जवळ येऊन थांबला आणि तिथे टिकला. एका धड्याला पाऊण तास लागणार होता. सव्वीस धडे. दुपारचे तीन वाजले होते.

रात्री मी झोपले. चौतीस वर्षं त्यांच्या रात्रपाळ्यांना मी हेच केलं होतं, सवय होती. सकाळी उठले तर साहेब स्टुलावर तसेच, डोळे टोमॅटोसारखे, आणि सव्वीसपैकी एकवीस धडे तयार. "कॉलरचा धडा फार छान आहे," ते म्हणाले. "कापडाला काप देताना तू टोकाशी थांबतेस ते मला माहीतच नव्हतं." मी चहा ठेवला.

सोमवारी बाराला वीस मिनिटं कमी असताना मी संस्थेच्या टेबलावर चाळीस धडे ठेवले. तिथल्या मुख्य बाईंनी चार बघितले, पाचवा लावला आणि विचारलं, "नाव कसं लिहायचं?" मी सांगितलं, पूर्ण सांगितलं. मग त्यांनी कागदावर लिहिलेलं मी दोनदा तपासून पाहिलं.

मंगळवारी नवा सप्लाय बसला. साहेबांनी फाइल उघडली, तो गुणक खोडला आणि मीटर हातात घेऊन थांबले. मी भाजी चिरत होते.

"अगं, ये," त्यांनी हाक मारली. "तू कामाला बस. तुझं काम चालू झाल्याशिवाय मी आकडा लिहिणार नाही."

मी विळी बाजूला सारली, हात पुसले आणि खुर्चीत बसले. म्हटलं, "मग भाजी तुम्ही टाका. मला आता वेळ लागेल."