दिवेलागणीचं उत्तर

साथ आली तेव्हा मी नगरजवळ केडगावात, आणि आई-वडील श्रीगोंद्याच्या पुढे, उसाच्या मळ्यातल्या वस्तीवर. रस्ते बंद. लेकीनं बापाची काळजी करायची ती मोबाईलवरून. वडिलांना आम्ही दादा म्हणायचो. त्यांच्या फोनवर मी लक्षणं विचारणारं ते ॲप टाकायला लावलं. रोज ठरलेल्या वेळी ते टिंग वाजायचं आणि ताप आहे का, खोकला आहे का, श्वास घ्यायला त्रास होतो का, असं एकेक विचारायचं. खाली 'होय' आणि 'नाही'. सगळीकडे 'नाही' दाबलं की पडदा हिरवा. वेळ संध्याकाळची ठेवली, कारण तोवर दादा रानातून आलेले असायचे.

दादांचा अंगठा उसाच्या पाचटानं चिरलेला. पडद्याला तो कळायचाच नाही, म्हणून फोन आईकडे गेला. आई सातवी शिकलेली. ती देवापाशी दिवा लावायची, हात जोडायची आणि तिथंच बसून एकेक प्रश्न मोठ्यानं वाचायची. दादांच्या वतीनं उत्तरही मोठ्यानंच द्यायची. मग हिरव्या पडद्याचा फोटो मला पाठवायची. मी इकडे निर्धास्त. आमची आई बघा कशी डिजिटल झाली, असं नवऱ्याला कौतुकानं सांगायचे.

दादा फोनवर कमी बोलायला लागले. "बरं हाय" म्हणायचे आणि फोन आईकडे द्यायचे. माणूस मुळातच घुमा, त्यात वेगळं असं काही वाटलं नाही. हिरवा पडदा तर रोज येत होता.

एका सकाळी चुलत्यांचा फोन आला. "दादान्ला टेम्पोत घातलंय, नगरला आनतोय. लई धाप लागलीया."

दवाखान्याच्या दारात डॉक्टरांनी विचारलं, दम कधीपासून लागतोय? मी तावातावानं पुढे झाले. लागतच नव्हता, रोजची नोंद आहे, म्हणत फोन त्यांच्यापुढे धरला. एकाखाली एक हिरवे पडदे. त्यांनी फोनकडे पाहिलं, मग दादांच्या निळसर पडलेल्या ओठांकडे. "फार उशीर केलात," एवढंच म्हणाले आणि आत गेले. आई मान खाली घालून पदर चुरगाळत होती.

दादा परत आलेच नाहीत. शेवटचं तोंडसुद्धा आम्हाला लांबूनच दाखवलं.

वस्तीवर पोचल्यावर माझा तोल गेला. "आई, ते खोकत होते ना? तुला ऐकू येत नव्हतं?"

"येत हुतं."

"मग रोज 'नाही' का म्हणायचीस?"

तिनं माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मीच काहीतरी भलतं विचारत होते. "दिवेलागणीला, देवापुढं बसून व्हय म्हनू? व्हय, दम लागतोय म्हनू? घरात बोललेल्याला वास्तू तथास्तु म्हनती, बाई. मी न्हाई म्हनायचे. रोज म्हनायचे. म्हनलं, न्हाई म्हनता म्हनता न्हाईसं व्हईल."

आमच्याकडे बांगडी फुटली तरी वाढली म्हणतात. लहानपणी तिन्हीसांजेला 'मरू दे' म्हणाले म्हणून याच घरात माझ्या तोंडावर चापट बसली होती. मला त्या ॲपचा संताप आला, घराचा आला, आईचा आला, पण तो काढायचा कुणावर? दादांसाठी तिला जे काही करता येण्यासारखं होतं, ते ती रोज न चुकता करत होती.

संध्याकाळ झाली. सुतक होतं, देवापाशी दिवा नव्हता. दादांच्या जागी पणती तेवढी लावलेली. आई तिच्यापाशी बसली होती. आणि कोनाड्यातला फोन टिंग वाजला. बंद करायचं कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं.

मी उठायच्या आत आईनं तो घेतला आणि रोजच्यासारखं मोठ्यानं वाचायला लागली.

"ताप आहे का? व्हय."

"खोकला आहे का? व्हय."

"श्वास घ्यायला त्रास होतो का? व्हय."

मी तिच्या कपाळाला हात लावला. ताप नव्हता. खोकला नव्हता, श्वास संथ चालला होता. पडदा लालभडक झाला. तिनं तो फोन पणतीशेजारी उताणा ठेवला आणि वर आढ्याकडे बघून म्हणाली,

"म्हन आता तथास्तु."