श्यामकांतचं ‘खाली’

श्यामकांत पाठक नगरहून चंदीगडला आला, पण येताना स्वभाव काही नगरला ठेवून आला नाही. ऑफिसपाशी स्कूटरला कुलूप लावलं की दोनदा ओढून बघायचा. कोणी जरा गोड बोललं की याच्या मनात पाल चुकचुकलीच!

२००६ साली सेक्टर चौतीसमधल्या एका कंपनीत तो कंपायलर लिहीत होता. नेटवर्कवरून येणारी पाकिटं तपासून नको ती अडवायची, असे छोटे प्रोग्राम कर्नलमध्ये, म्हणजे मशीनच्या गाभ्यात चालत. त्यांचा बाइटकोड, म्हणजे मधल्या भाषेतला कोड, हा कंपायलर थेट मशीनच्या भाषेत उतरवायचा. कर्नलचा स्टॅक, म्हणजे प्रोग्रामचे आकडे तात्पुरते ठेवायची जागा, एवढासा, आणि वाढतो वरून खाली. प्रोग्राम सुरू होताना स्टॅकची खूण खाली सरकवून त्याच्यापुरती जागा राखायची आणि निघताना खूण परत वर न्यायची. एवढं काम श्यामकांतने हाताखालच्या, मनीमाजऱ्याच्या हरजीतला हिंदीत तोंडी सांगितलं.

मग चाचणीत अडवायची पाकिटं मध्येच सुटू लागली. श्यामकांतने कोड उघडला आणि त्याचं डोकंच फिरलं. खूण जागची हललीच नव्हती. खालची जागा नुसती शून्यं भरून पुसलेली. राखलेली नसल्यामुळे कर्नल मध्येच तिथे आपलं सामान टाकत होता आणि प्रोग्रामचे आकडे बिघडत होते.

हरजीत हल्ली फोन घेऊन जिन्यात जायचा, कुजबुजायचा. श्यामकांतला दुसरं काही सुचेना. तो तडक मॅनेजर अरोरा साहेबांकडे गेला. “सर, ये छेद जानबूझकर रखा है. हरजीत को निकालिए.”

साहेबांनी हरजीतला बोलावलं. तो श्यामकांतकडे वळला.

“सर, आपने ही कहा था, शुरू में जगह खाली लेना. मैंने खाली कर दी. जगह तो मुझे लगा आपने रख ली होगी.”

श्यामकांतचं ‘खाली’ मराठी होतं, हरजीतचं हिंदी, म्हणजे रिकामं. इतकी वर्षं इथे काढून आपल्याला हे कळू नये! त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आणि ते फोन बत्तीस सेक्टरच्या हॉस्पिटलमधून यायचे. हरजीतची आई तिथे होती.

श्यामकांतने माफी मागितली. हरजीतची नोकरी वाचली. “कोई बात नहीं जी,” म्हणाला तो.

पण त्यानंतर तो श्यामकांतच्या टेबलाशी कधी आला नाही. काही विचारायचं असलं की मेल करायचा, आणि प्रत्येक मेलची प्रत अरोरा साहेबांना.